बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचा स्मृतिफलक: त्यावर काय लिहावे?

कर्जत परिसरातील एका शाळेच्या इतिहास मंडळाला बोरघाटातील रेल्वेमार्गाची माहिती देणारा एक फलक उभारायचा आहे. मंडळाने तयार केलेला मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला आहे. त्यात चार विधाने आहेत. घाटाचे काम १८३० मध्ये सुरू झाले, शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना वाट दाखवली, एका इंग्रज महिलेने हा घाट बांधून पूर्ण केला आणि या कामात पंचवीस हजार मजूर मरण पावले, अशी ती विधाने आहेत. यांतले खरे किती, कोणते ठेवावे, कोणत्या शब्दांत ठेवावे आणि फलक कोठे लावावा, असे मंडळाचे प्रश्न आहेत. माझ्या नोकरीची बरीच वर्षे घाटातील रेल्वेमार्गाच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर याच मार्गाची जुनी कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पहिल्या विधानापासून सुरुवात करतो, कारण ते सरळसरळ चुकीचे आहे आणि ते कोठून आले हेही सांगता येते. १८३० हे वर्ष घाटातील गाडीरस्त्याचे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम यांच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूजेस यांच्या देखरेखीखाली बोरघाटातून चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता तयार झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. त्याआधी १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने ही वाट तोफांसाठी दुरुस्त करून घेतली होती. त्याच्याही कितीतरी आधीपासून, कार्ले आणि भाजे येथील लेणी कोरली जात होती तेव्हापासून, कोकणातील बंदरे आणि देश यांच्यामधला व्यापार या परिसरातील घाटवाटांनी चालत असे. रेल्वेचा संबंध मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी कायद्याने स्थापन झाली १८४९ मध्ये आणि तिची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. तेव्हा १८३० मध्ये या घाटात रेल्वेचे काम सुरू झाले असणे शक्यच नाही.

तरीही ही चूक इतकी पसरली आहे, याला कारण अमृतांजन पूल. द्रुतगती मार्गावरून जाताना दिसणारा तो जुना कमानीचा पूल एका मलमाच्या जाहिरातीच्या फलकामुळे त्या नावाने ओळखला जाई. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात वाहतूक विरळ असताना तो नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला, तेव्हा बातम्यांमध्ये तो ‘१९० वर्षांचा’ असल्याचे सर्वत्र छापून आले. वास्तविक तो रेल्वेच्या जुन्या मार्गावरचा पूल होता आणि रस्त्याचे वर्ष त्याला चिकटवले गेले होते. पूल पाडणे योग्य होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. त्याच्या खांबांमुळे रस्ता अरुंद होऊन तेथे कोंडी आणि अपघात होत असत, हे मी नाकारणार नाही. पण घाटातील पहिल्या रेल्वेमार्गाचा, रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसाला सहज दिसणारा जवळजवळ एकमेव अवशेष आपण त्या दिवशी गमावला. त्याचे वयसुद्धा धड नोंदवून न ठेवता गमावला, याची मला अधिक खंत वाटते. आपल्या फलकावर ही तारीख चुकली, तर पुढची पिढी तीच चूक आपला हवाला देऊन सांगेल.

आता मार्गाच्या इतिहासाकडे येतो. फलकावर चार ओळी लिहायच्या असल्या, तरी त्यामागची हकिगत लिहिणाऱ्याला माहीत असावी. सह्याद्री ओलांडायचा कोठून, हा कंपनीपुढचा पहिला प्रश्न होता. सुरुवातीच्या विचारात माळशेज घाटाचे नाव होते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी पाहणी करून ईशान्येच्या दिशेने थळघाट आणि आग्नेयेच्या दिशेने बोरघाट अशी दोन ठिकाणे निश्चित केली. बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले अभियंते होते. बैलगाडीची वाट आणि रेल्वेची वाट यांत मूलभूत फरक असतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे. बैल आणि माणूस थोड्या अंतरात खूप उंची चढू शकतात. लोखंडी रुळांवर लोखंडी चाक फिरवणाऱ्या इंजिनाला ते जमत नाही, चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून रेल्वेला उंची गाठायची तर लांबी शोधावी लागते. खोपोलीहून खंडाळा डोळ्यांसमोर दिसतो, पण तेथून थेट वर चढणे रेल्वेला अशक्य होते. त्यामुळे चढण पळसदरीपासून सुरू करून, डोंगराच्या सोंडेवरून ठाकूरवाडी, मंकी हिल असा लांबचा वळसा घेऊन ती खंडाळ्याला नेण्यात आली.

आकडे असे आहेत: घाटाच्या चढणीची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट उंचीवर, माथा २,०२७ फूट उंचीवर. म्हणजे एका दमात १,८३१ फूट चढाई. सरासरी चढण सुमारे ४६ फुटांना एक फूट, तर सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना एक फूट. मार्गात २५ बोगदे काढावे लागले, त्यांची एकत्रित लांबी साडेतीन किलोमीटरांहून अधिक भरते. शिवाय आठ मोठे कमानी पूल आणि अनेक लहान पूल. खर्च सुमारे ११ लाख पौंड. हे सारे काळ्या कातळात, हाताने पहारी मारून आणि सुरुंगाची दारू ठासून केलेले आहे. कड्याला टेकू मिळत नसे तेथे मजुरांना दोराने खाली सोडून कातळात भोके पाडून घेतली जात.

खंडाळ्याच्या खाली एक अडचण अशी होती, की कड्याच्या अंगाला गाडी वळवण्यापुरती जागाच नव्हती. तेथे बर्कली यांनी उलटफेरीचे स्थानक योजले, म्हणजे ज्याला घाटातील लोक आणि रेल्वेतली माणसे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. खालून आलेली गाडी तेथे एका टोकाशी थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढू लागे. वळण न घेता दिशा बदलण्याची ही युक्ती होती. ती स्वस्त होती आणि धोक्याचीही होती, कारण वरून उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला, तर ती त्या टोकाशी जाऊन आदळणार हे उघड होते. जानेवारी १८६९ मध्ये नेमके तसेच घडले.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. कंत्राट मिळाले विल्यम फेव्हिएल यांना, ज्यांनी आपल्या भागीदारासह बोरीबंदर ते ठाणे हा पहिला मार्ग बांधला होता. त्याच वर्षी मे महिन्यात खालची गाडी खोपोलीपर्यंत येऊ लागली आणि जून १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. म्हणजे दोन्ही बाजूंनी रेल्वे होती आणि मध्ये घाट होता. पुढची जवळजवळ पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. फलकावर चित्र काढायला जागा असेल, तर मी हाच प्रसंग सुचवेन. घाटातील रेल्वेने नेमके काय बदलले, हे त्यातून मुलांना चटकन कळते.

फेव्हिएल यांनी मार्च १८५९ मध्ये कंत्राट सोडून दिले. त्याआधी जे घडले, ते फलकाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि आपल्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. काम पोटकंत्राटदारांमार्फत चालत असे, त्यांच्या खाली मुकादम आणि मुकादमांच्या खाली मजूर. पैसा वरून खाली झिरपताना अडकत असे आणि मजुरी थकत असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात मोठी दंगल झाली. कंत्राटदाराच्या युरोपीय कर्मचाऱ्यांवर जमाव चालून गेला. सरकारने चौकशी केली. सार्वजनिक बांधकामांवरील मजुरांच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकालात काढावेत, अशी तरतूद करणारा १८६० चा नववा कायदा या प्रकरणातून पुढे आला. मात्र तो कायदा दुधारी होता. मालकाकडून थकलेली मजुरी वसूल करण्याची सोय त्यात होती, तशीच ठरलेले काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही होती. घाटातील निनावी माणसांनी केलेल्या उठावाची खूण अशी थेट देशाच्या कायद्याच्या पुस्तकात उमटली. इतका ठोस, तारखेसह सांगता येणारा पुरावा हाती असताना मसुद्यात मजूर केवळ मेलेले दिसावेत, हे मला पटत नाही. ती माणसे काम करत होती, मोबदला मागत होती आणि तो मिळाला नाही तेव्हा उठली होती.

या मजुरांमध्ये दगडकामात मुरलेले वडार आणि बेलदार होते, आसपासच्या गावांतले कुणबी होते आणि दुष्काळी भागांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबेच्या कुटुंबे होती. पुरुष दगड फोडत, बायका आणि मुले तो पाटीत भरून वाहत. घाटात काम चाले ते साधारण दसऱ्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत. मृगाच्या पावसाला लोक आपापल्या शेतीकडे परतत आणि पुढच्या हंगामात नवी माणसे जमवावी लागत. उन्हाळ्यात घाटमाथ्यावर पाणी मिळत नसे, ते लांबून वाहून आणावे लागे. हजारो माणसे एका डोंगराच्या कडेला झोपड्यांत राहत आणि पाण्याच्या ठिकाणांचीच घाण होत असे. तेथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरण्यास आणखी कशाची गरज नव्हती. १८५९-६० च्या हंगामात ती फार भयंकर होती. त्यानंतरही काम थांबले नाही. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एकाच वेळी कामावर असलेल्या माणसांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती.

यावरून चौथ्या विधानाकडे, म्हणजे पंचवीस हजार मृत्यूंकडे येतो. हा आकडा आपण अनेक लेखांत वाचला असेल, कोठे चोवीस हजार, कोठे पंचवीस हजार. तो अंदाज आहे, मोजणी नाही. मोजणी शक्य नव्हती, कारण मजुरांची नावनिशी ठेवण्याची पद्धतच नव्हती. मुकादम आपल्या टोळीची मोजदाद ठेवी ती मजुरी वाटण्यापुरती. साथ आली की लोक रातोरात गावाकडे निघून जात आणि त्यांतले किती वाटेत मेले, किती घरी पोहोचले, हे कोणी लिहून ठेवणार नव्हते. अंदाज फार चुकीचा असेलच असे मला म्हणायचे नाही. मृत्यू हजारोंच्या संख्येने झाले, यात शंका घेण्यास जागा नाही. परंतु दगडावर कोरलेला आकडा वाचणाऱ्याला तो हजेरीपटावरून घेतलेला वाटतो. उद्या एखादा चिकित्सक वाचक उभा राहून ‘हा आकडा कोठून आणला?’ असे विचारील आणि आपल्याकडे उत्तर नसेल, तेव्हा त्या एका आकड्याबरोबर संपूर्ण फलकावरचा विश्वास उडेल. म्हणून माझी सूचना अशी, की फलकावर ४२,००० हा कामावरील माणसांचा आकडा द्यावा, मृत्यूंबद्दल ‘पटकी, अपघात आणि उपासमार यांमुळे हजारो मजूर मरण पावले, त्यांची नावे नोंदवली गेली नाहीत’ असे लिहावे आणि मोठ्या आकड्याचा मोह टाळावा. नावे नोंदवली गेली नाहीत, हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक गंभीर आहे आणि ते निर्विवाद आहे.

तिसरे विधान अॅलिस ट्रेडवेल यांच्याविषयीचे आहे. फेव्हिएल गेल्यानंतर काही महिने कंपनीने स्वतः काम चालवले आणि मग १८५९ च्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल यांना कंत्राट दिले. ते इंग्लंडहून सपत्नीक आले आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. कंत्राट सोडून मायदेशी परतणे त्यांच्या पत्नीला सहज शक्य होते आणि त्याबद्दल कोणी दोष दिला नसता. अॅलिस यांनी कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवले, प्रत्यक्ष कामावर अॅडम्सन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांना व्यवस्थापक नेमले आणि ठरलेले काम पूर्ण करून दिले. ‘एका महिलेने घाट बांधला’ हे वाक्य ऐकायला आकर्षक असले, तरी ते जसेच्या तसे खरे नाही. आखणी बर्कली यांची, रोजची देखरेख दोन व्यवस्थापकांची, जोखीम आणि जबाबदारी अॅलिस यांची आणि बांधणी हजारो हातांची, असे ते आहे. त्या काळात विधवेने एवढे मोठे कंत्राट सांभाळणे ही मुळातच असामान्य गोष्ट आहे. तिला सजवून सांगण्याची आवश्यकता नाही. फलकावर ‘अॅलिस ट्रेडवेल यांनी पतीच्या निधनानंतर कंत्राटाची जबाबदारी घेऊन काम पूर्ण करून दिले’ इतके लिहिले तरी पुरे.

उद्घाटन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाले. काही ठिकाणी १८६२ हे वर्ष दिसते. आपण मात्र समारंभाची तारीख द्यावी, कारण ती निश्चित आहे. बर्कली त्या समारंभाला नव्हते. प्रकृती ढासळल्यामुळे ते इंग्लंडला परतले होते आणि ऑगस्ट १८६२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ज्याने आखणी केली त्याने गाडी चढताना पाहिली नाही. असेच इतरही कितीतरी जणांच्या बाबतीत घडले, फक्त त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही.

उद्घाटनानंतरचा एक प्रसंग बहुतेक लेखांत गाळला जातो आणि माझ्यासारख्या देखभालीच्या कामातल्या माणसाला तो गाळवत नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातील महू-की-मली नावाचा मोठा कमानी पूल कोसळला. पावसाळ्याचे दिवस होते, पण दोष पावसाचा नव्हता. बाहेरून घडीव दगड आणि आत नुसता भराव, चुन्याचा दर्जा वाईट, असे बांधकाम निघाले आणि त्यानंतर झालेल्या तपासणीत कंपनीच्या इतरही अनेक पुलांचे दगडकाम कच्चे असल्याचे उघडकीस आले. थकलेली मजुरी आणि कोसळलेला पूल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे माझे मत आहे. पोटकंत्राटाच्या उतरंडीत प्रत्येक पायरीवर जो पैसा वाचवला जातो, तो एक तर मजुराच्या हातून जातो किंवा भिंतीच्या आतून. स्मृतिफलक म्हणजे केवळ गौरवपत्र नव्हे, त्यामुळे या पडझडीचा एका ओळीत का होईना उल्लेख असावा, असे मला वाटते. मंडळाला ते रुचणार नाही अशी शक्यता आहे. निर्णय आपला.

आता राहिला शिंग्रोबा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे मंदिर आहे आणि तेथून जाणारे वाहनचालक आजही हात जोडतात, नाणे टाकतात. कथा आपल्याला ठाऊक आहेच: इंग्रज अभियंत्यांना घाटातून मार्ग सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने तो दाखवला. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. कोणी ही कथा रस्त्याची म्हणून सांगतात, कोणी रेल्वेची म्हणून. ही कथा लोकस्मृतीतून आलेली आहे आणि फलकावर ती तशीच सांगावी, ‘अशी परंपरागत कथा आहे’ या शब्दांत. ती इतिहास म्हणून छापू नये आणि खोटी म्हणून वगळूही नये.

वगळू नये याची दोन कारणे आहेत. पहिले व्यावहारिक. डोंगरात मोजणी करणारा कोणताही अभियंता स्थानिक गुराखी, धनगर आणि ठाकर यांच्या मदतीशिवाय चार पावलेही टाकू शकत नाही. कोणत्या नाळेतून पावसाळ्यात पाणी लोंढ्याने येते, कोणता कडा सुटा आहे, झरा कोठे बारमाही आहे, हे नकाशावर नसते. माझ्या उमेदीच्या काळातही दरडी कोठे येणार याचा अंदाज मला कागदांपेक्षा ठाकूरवाडीच्या बाजूच्या म्हाताऱ्यांकडून अधिक अचूक मिळे. पूर्वापार वाट सर्वांना ठाऊकच होती, त्यामुळे ‘घाट सापडेना’ हा कथेचा भाग जसाच्या तसा घेता येत नाही. रेल्वेची आखणी मात्र त्या वाटेने जात नाही, ती अशा सोंडांवरून जाते जेथे फक्त गुरे चारणाराच फिरत असेल. तेव्हा कोणीतरी वाट दाखवली असणार, यात नवल काही नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित बड्या मंडळींचे मुखवटे कोरलेले आहेत. घाटात राबलेल्यांसाठी कोणी काही कोरले नाही. ती उणीव लोकांनी आपल्या पद्धतीने, एका देवळाने भरून काढली. घाटाच्या स्मरणाचा इतिहास लिहायचा, तर हे देऊळ त्यातील पहिले लोकस्मारक म्हणून नोंदवावे लागेल. कथा खरी की खोटी, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

विसाव्या शतकातील बदलांसाठी फलकावर दोन ओळी पुरतील. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, त्याच वेळी नवे बोगदे काढून उलटफेरीचे स्थानक टाळणारा मार्ग सुरू झाला आणि जून १९३० मध्ये दख्खनची राणी धावू लागली. त्या काळच्या मालगाड्या ओढणाऱ्या, मधोमध सांधलेल्या लांब इंजिनांना रेल्वेतले लोक ‘खेकडा’ म्हणत. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. विद्यार्थ्यांची सहल दिल्लीला गेली तर जरूर दाखवावे. पुढे तिसरा मार्गही झाला. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढणीवर मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडण्याची पद्धत मात्र आजही आहे. उतरणीवर कॅच सायडिंगचे, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवण्यासाठी बाजूला काढलेल्या रुळांचे, सांधे आधी सायडिंगकडेच लावलेले असतात आणि चालकाने गाडी थांबवून ताबा सिद्ध केल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नाही, ही दक्षताही टिकून आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हिल गँगचे कामगार कड्यांवर दोराने उतरून सुटे दगड पहारीने खाली पाडतात. दीडशे वर्षांपूर्वी दोराला लटकून काम करणारी माणसे होती, तशी ती आताही आहेत. फरक इतकाच की आता त्यांची नावे हजेरीपटावर असतात.

मंडळाने पत्रात विचारले आहे, की दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या मार्गांना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तर बोरघाटाला का मिळू नये, अशी मागणी फलकावर लिहावी का? लिहू नये. ते तिन्ही मार्ग अरुंद रुळांचे किंवा मीटरगेजचे, पर्यटनावर चालणारे आहेत आणि त्यांचे जुने रूप मोठ्या प्रमाणात टिकले आहे. बोरघाट हा मुख्य मार्ग आहे, त्याच्यावरून दिवसरात्र गाड्या धावतात, त्याचे पूल, रूळ, विद्युत यंत्रणा सतत बदलत राहणार आणि ती बदललीच पाहिजे. ऑस्ट्रियातील १८५४ चा सेमरिंग मार्ग चालू मुख्य मार्ग असूनही वारसा यादीत आहे, असे आपण म्हणू शकता आणि तो युक्तिवाद वजनदार आहे. पण सेमरिंगचे मूळ कमानी पूल आजही वाहतूक पेलत आहेत. आपला मूळ मार्ग काही ठिकाणी सोडून दिलेला आहे, काही ठिकाणी पाडलेला. मागणी करायचीच असेल, तर सोडून दिलेल्या जुन्या मार्गावरील जे बोगदे आणि पुलांचे जे भाग शिल्लक आहेत, त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन नोंद करावी, अशी करावी. ते काम शाळेच्या आवाक्यात नाही, कारण त्या जागा धोकादायक आहेत. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने रेल्वेच्या परवानगीने ते हाती घेतले पाहिजे.

फलकाची जागा. मंडळाला तो रुळांजवळ, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी हवा आहे. तसे करू नये. फलक पाहण्यासाठी मुले चालू मार्गावर जाऊ लागली, तर त्यातून जे होईल त्याचे स्मारक पुन्हा उभारावे लागेल. कर्जत किंवा खंडाळा स्थानकाच्या आवारात, प्रतीक्षालयाच्या बाहेरच्या भिंतीवर तो लावावा. त्यासाठी मध्य रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे मजकूर, आकार आणि जागेच्या आराखड्यासह लेखी अर्ज करावा लागतो. मजकूर मंजूर होण्यापूर्वी फलक कोरून घेऊ नये. संगमरवर वापरू नका, घाटातल्या पावसात त्याच्यावरची अक्षरे काही वर्षांत शेवाळाने भरतात. याच घाटातल्या काळ्या दगडावर खोल कोरलेली, पांढऱ्या रंगाने भरलेली अक्षरे अधिक टिकतात आणि त्यांना पुन्हा रंग देणेही सोपे असते.

मजकूर मी असा सुचवतो:

‘पळसदरी ते खंडाळा हा सुमारे २५ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग जानेवारी १८५६ ते एप्रिल १८६३ या काळात बांधला गेला. आखणी जेम्स जॉन बर्कली यांची. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल आणि त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल. पतीच्या निधनानंतर अॅलिस ट्रेडवेल यांनी जबाबदारी घेऊन काम पूर्ण करून दिले. १८६१ मध्ये येथे एकाच वेळी ४२,००० हून अधिक माणसे काम करत होती. थकलेल्या मजुरीसाठी जानेवारी १८५९ मध्ये त्यांनी उठाव केला, त्यातून १८६० चा मजुरीविषयक कायदा झाला. पटकी, अपघात आणि उपासमार यांमुळे हजारो मजूर मरण पावले, त्यांची नावे नोंदवली गेली नाहीत. या घाटाची वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली, अशी परंपरागत कथा आहे. १८६७ मध्ये घाटातील महू-की-मली हा कमानी पूल कोसळला. १९२९ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण झाले.’

कंत्राटदारांची नावे आधी आणि मजूर नंतर हा क्रम केवळ काळाच्या ओघाने आला आहे. मंडळाला मजुरांचे वाक्य सर्वांत वर घ्यायचे असेल तर माझी हरकत नाही, उलट मी स्वतः तसेच केले असते. शाळेच्या नावाची आणि देणगीदारांची यादी मात्र खाली, लहान अक्षरांत असू द्यावी.